नावाच्या आधीचं अक्षर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बोलायची मला सवय आहे — दवाखान्याचं उद्घाटन असो, विद्यापीठातला सत्कार असो — पण माईकसमोर हे कधी तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याचा अभिमान होता, अजून आहे. बाप वाशीमच्या मार्केटात हमाल. कॉलेजात कोणीतरी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो — ते नाहीत, लहानपणीच गेले. वाटलं, सुटलो.

असा सुटतो का माणूस? पुढे धंदा वाढला, देणग्या देऊ लागलो, आणि माझ्या भाषणांत बाप उपचाराविना मरू लागला. लोक डोळे पुसायचे. मीही — हो, मीही पुसायचो. वाशीमच्या एका दवाखान्याला वॉर्ड बांधून दिला, तेव्हा त्यांनी संगमरवरावर बापाचं नाव कोरायचं ठरवलं. नावाआधी 'कै.' — मजकूर मला दाखवला होता. मी मान हलवली.

बाप तेव्हा आमच्या गावी, किन्हीराजात होता. जिता-जागता.

उद्घाटनाला त्याला बोलावलं नाही. पण गावात कोणी सांगितलं असेल. धुतलेलं धोतर नेसून, बसनं, काही दिवसांनी एकटाच आला. नेमका मी तिथं. त्याला लिहिता-वाचता यायचं ते फक्त स्वतःचं नाव. पाटीवर बोट फिरवत म्हणाला, "नाव तं माहंच हाय. पन त्याच्या पह्यले हे काय लिवलं रे बापू?"

"मानाचं हाय ते बाबा. मोठ्या मानसाले लावतेत."

"मंग मले बी शिकव ना!"

आणि मी — शिकवलं. तिथल्याच बाकावर बसून, त्याचा हात धरून.

पुढे तो सही तशीच करू लागला. रेशन दुकानात लोक हसले. मास्तरांनी अर्थ सांगितला. "पोराची नाई, कोरनाराची चूक हाय ते," एवढंच तो बोलला म्हणे. मला कधी काही विचारलं नाही. का नाही विचारलं? ओरडला असता तर...

मग एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यानं गाडी दारात आणली — चला, पोराच्या दवाखान्यात. बाप खाटेवरून उठेना. "तिथं तं मी मेलेलाच हावो. दोनदा कायले मारता?"

तो घरीच गेला.

शेजाऱ्यानं मला हे सरणाजवळ सांगितलं. म्हाताऱ्याची शेवटची चेष्टा म्हणून, डोळे पुसत, हसत.

मीही हसलो.