करड्या शर्टावरचं पारदर्शक व्हिनाइल

आमच्या शेजारच्या खोलीतली ताई महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस मशीन चालवते, ठेकेदारामार्फत. मशीनखाली हात गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तिच्या लाइनवर तो बंद ठेवतात, कारण चालू असला की माल कमी निघतो. इतकं साधं आहे हे. बोटं स्वस्त, माल महाग. मी पत्रक लिहिलं, पण गेटवर झडती असते, कागद आत जात नाही.

ताईच म्हणाली, "शर्ट तर जातो की आत."

म्हणून तिच्या गणवेशाच्या करड्या शर्टाच्या पाठीवर पारदर्शक व्हिनाइलची, म्हणजे गरम करून कापडाला चिकटणाऱ्या प्लास्टिकची अक्षरं: सेन्सर चालू करा. सरळ बघितलं तर नुसतं कापड. ती वाकली, उजेड तिरपा पडला, की मागच्या बायांना चमकून दिसणार.

चिंचवड, सांगवी, सगळीकडे फिरले. "पांढरं घ्या, सोनेरी घ्या. दिसणार नाही ते छापता कशाला, मॅडम?" शेवटी चाकणच्या एका दुकानात तो रोल मिळाला. मी ताईला घेऊन गेले. दुकानदाराने अक्षरं कापून तिच्या नव्या कोऱ्या शर्टावर मांडली आणि गरम प्रेस खाली दाबला. तेव्हा माझं लक्ष बाकड्यावर गेलं. तिथं तसल्याच शर्टांचा गठ्ठा होता. खिशावर ताईच्याच ठेकेदाराचं नाव छापलेलं.

"ताई, चल इथून."

"शर्ट सोडून?"

दुकानदाराने अक्षरांवरचं प्लास्टिक सोललं, शर्ट बाकड्यावर टाकला, आणि ठेकेदाराचा माणूस आत आला. "झालं का भाऊ? उद्या नवीन भरती आहे." ताई भिंतीकडे तोंड करून टांगलेले नमुने बघू लागली. त्याने सगळे शर्ट कवेत घेतले. सगळे. आमचाही.

त्या माणसाची बाइक गेल्यावर दुकानदाराने छपाई जराशी वाकडी झालेला एक शर्ट ताईला दिला. "मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला.

"सापडला. एका नव्या पोरीच्या अंगावर. पहिलाच दिवस तिचा. आपल्या पाठीवर काय आहे, पत्ताच नाही तिला."

"मग काढून घे तो."

"घेतला की. बाथरूममध्ये अदलाबदल केली. आता माझ्या अंगावर आहे."

"अगं, कुणी बघितलं तर?"

"बघितलंय. दोघी म्हणाल्या, आमच्याही शर्टाला चिकटव."

एरवी मी नाचले असते. पण ठेकेदाराला फक्त "उद्यापासून येऊ नको" एवढंच म्हणायचं असतं. नोटीस नाही, कारण नाही, आणि कायद्याचं पुस्तक घेऊन मी कुणाच्या दारात बसणार?

शिफ्ट सुटायच्या आधीच मी गेटसमोर जाऊन उभी राहिले. कारखान्यातल्या ट्यूबलाइटचा आम्ही विचार केला होता, मावळत्या उन्हाचा नाही. ते शेडच्या कडेवरून आडवं, थेट गेटवर येत होतं. बायांच्या घोळक्यातून ताई निघाली, मला बघून हसली. ती माझ्याकडे तोंड करून चालत होती, त्यामुळे अक्षरं मला दिसत नव्हती. तिच्या मागे उभ्या सिक्युरिटीवाल्याचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि त्याचे ओठ सावकाश हलत होते.