सोडियमची ओळ

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात गुरुनाथ पाटणकरांना नावाने हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. लहानथोरांचे ते 'लेबलवाले काका'. साताऱ्याहून चौऱ्याहत्तर साली आले, एका मोटार कंपनीत ब्रेकची ड्रॉइंग्ज तपासण्यात तीस वर्षं घालवली आणि निवृत्त झाले. पण नाव कमावलं ते ग्रोसरीच्या दुकानात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी बीन्सचा एक डबा आणला होता. त्यांच्या बायकोने, सुवर्णाबाईंनी, चवीने दोन घास खाल्ले आणि मग शेजारणीने सांगितलं, की त्यात डुकराची चरबी असते. बाईंना दोन दिवस अन्न गेलं नाही. त्या दिवसापासून काकांनी वाचल्याशिवाय एकही डबा घरात आणला नाही.

खिशात कायम भिंग. लार्ड, जिलेटिन, रेनेट असला, प्राण्याच्या अंगातून काढलेल्या वस्तूचा शब्द कितीही बारीक अक्षरांत दडून बसलेला असो, काका त्याला मानगूट धरून बाहेर काढत. पुण्या-नागपूरहून नव्याने आलेल्या मुलांचे फोन यायचे, "काका, चीजवर एन्झाइम्स लिहिलंय. चालेल का?" काका सांगत, "ठेव खाली." हा माणूस डब्यामागची घटकांची यादी तेवढी वाचायचा. तिच्या वरचा आकड्यांचा चौकोन म्हणजे वजन उतरवायला निघालेल्या अमेरिकनांची करमणूक, असं त्याचं ठाम मत होतं. आपल्याला काय करायचेत ते आकडे, असं तो म्हणे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत सुवर्णाबाईंना दम लागू लागला, पाय सुजले. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. औषधं दिली आणि बजावलं: दिवसाला पंधराशे मिलिग्रॅम सोडियम, त्यावर नाही. काकांनी घरी येऊन मिठाची बरणी उचलली आणि थेट गराजमधल्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे नेऊन ठेवली. लोणचं, पापड, सगळं दीपाच्या घरी धाडलं. दीपा म्हणजे दोन घरं पलीकडची, मुलीसारखी. स्वयंपाक स्वतःच्या हातात घेतला आणि स्वतःही अळणीच जेवू लागले.

बाई बिचाऱ्या आयुष्यभर पान वाढताना आधी मीठ वाढणाऱ्या. आता ताटातली ती जागा रिकामी. आमटीचा भुरका घेत, वाटी खाली ठेवत आणि म्हणत, "छान झालीय हो." चार घासांवर जेवण आटपायचं. उन्हाळ्यापर्यंत मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. काकांचा जीव तीळतीळ तुटत होता. काय केलं म्हणजे ही दोन घास जास्त खाईल, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

ऑगस्टमध्ये दुकानातल्या फ्रिजसमोर त्यांना तो डबा दिसला. बटरमिल्क बिस्किटं. ही आपली चहात बुडवायची बिस्किटं नव्हेत. कच्च्या पिठाचे गोळे डब्यात भरलेले असतात, ओव्हनमध्ये टाकले की टम्म फुगून पदर सुटलेले मऊ पाव होतात. काकांनी भिंग काढलं. मैदा, ताक, वनस्पती तेल. चरबी नाही, अंडं नाही; भिंग नेहमीचे वर्ज्य शब्द तेवढे शोधत होतं. आणि ताक! आपल्याकडे दुखणाईताला दुसरं काय देतात? काका मोठ्या खुशीत घरी आले.

डब्याचा कागद सोलला तसा तो ठप्प करून फुटला आणि काका दचकून मागे सरले. सुवर्णाबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. पहिलं गरम बिस्कीट त्यांनी तोंडात घातलं, डोळे मिटले आणि सगळंच्या सगळं खाल्लं. मग दुसरं. काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी सनीव्हेलला लेकीला फोन लावला, "सावनी, तुझी आई जेवली!" तेव्हापासून रोज दुपारी चहाबरोबर तीन बिस्किटं ठरलेली. मंडळातही त्यांनी सांगून टाकलं, हार्ट पेशंटला एकदम बेस्ट. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

नोव्हेंबरात पाय पुन्हा सुजले, छातीत पाणी झालं आणि बाईंना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आहारतज्ज्ञ मुलगी वही घेऊन आली. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, घरात मिठाचा कण नाही. मग बिस्किटांचं सांगितलं. ती म्हणाली, डबा आणून दाखवाल? काकांनी दुसऱ्या दिवशी आणला. तिने घटकांच्या यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आकड्यांच्या चौकोनात एका ओळीवर बोट ठेवलं. सोडियम, एका बिस्किटात पाचशे ऐंशी.

तिन्हींचे सतराशे चाळीस, हा हिशेब काकांनी मनातल्या मनात केला. पोरीने हळू आवाजात समजावलं, हृदय मुळातच थकलेलं होतं, याच एका गोष्टीने झालं असं कुणी म्हणू शकत नाही. काकांच्या कानावरून ते गेलं. ते डबा हातात धरून खुर्चीत बसून राहिले. तीस वर्षं लोकांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातातला डबा वाचता आला नव्हता.

संध्याकाळी पलंगाशी बसून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "मीच तुला मीठ चारत होतो, सुवर्णा."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जिभेला कळत नाही होय? पहिल्याच घासाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"सात महिन्यांनी तोंडाला चव आली होती हो. आणि तुम्ही किती कौतुकाने देत होतात! बोलले असते तर तुम्ही तेही गराजमध्ये ठेवलं असतं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुवर्णाबाई गेल्या.

तेराव्याला सावनी म्हणाली, "बाबा, केटरिंग करू या ना." काकांनी ऐकलं नाही. पहाटेपासून एकट्याने राबून वरण, भोपळ्याची भाजी, वडे, खीर केली. नैवेद्याची चव बघायची नसते, तशी ती कुणी बघितली नाही. बाईंच्या नावाचं ताट त्यांनी स्वतः वाढलं आणि मागच्या अंगणात, मेपलखालच्या बर्फावर ठेवलं. कावळे आले, भांडले. मग तिघं जेवायला बसली: काका, सावनी, दीपा.

दीपाने पहिला घास घेतला आणि मान खाली घातली. काकांनी वरणभात तोंडात घातला आणि त्यांचा हात तसाच राहिला. सगळा स्वयंपाक अळणी. अकरा महिन्यांची सवय हाताला.

ते ताडकन उठले. गराजमध्ये जाऊन रंगाच्या डब्यांमागून बरणी काढली आणि मोज्यांवरच अंगणात धावले. कावळे उडाले. त्या अर्ध्या टोचलेल्या ताटात, सगळ्यात आधी वाढायच्या त्या जागी, त्यांनी मीठ ठेवलं. मग वरणावर घातलं, भाजीवर घातलं.

सावनी दारातून ओरडली, "बाबा, enough! पाय भिजतायत तुमचे."

"थांब गं," काका रडत म्हणाले. "तिला थोडं जास्तच लागतं."