रस्ता दिसणारं घर

कुंडल गावाबाहेर, उसाच्या फडाला लागून, गुंडा सुभेदारांचं घर लागतं. लागतं म्हणजे काय, डोळ्यांतच घुसतं. खालीवर नुसतं काँक्रीट, गिलावा नाही की रंग नाही, आणि रस्त्याच्या अंगाला फरशीपासून स्लॅबपर्यंत अखंड काच. वाटेवरची पोरं गाड्या थांबवून फोटो काढतात. गावातल्या जाणत्या मंडळींनी आधी या घराला भरपूर नावं ठेवली आणि मग गुपचूप आपापल्या पोरांना तसंच घर बांधायला सांगितलं.

एवढं सगळं गाव घराकडं बघत होतं, पण घरची मालकीण मनुबाई दुपारची कुठं असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती मागच्या छपरात, म्हशीपाशी असायची. उसाच्या पाचटानं शाकारलेलं ते जुनं छप्पर बांधकामाच्या वेळी पाडायचं ठरलं होतं. 'म्हस कुठं बांधू मग?' म्हणून मनुबाईनं ते वाचवलं. म्हशीचं निमित्त. पहिल्या उन्हाळ्यापासून त्या छपरात म्हशीपेक्षा मनुबाईच जास्त बसली.

ही काच आली कुठून, ते सांगायला हवं. मनुबाई लग्न होऊन आली तेव्हा गुंडा साधे शिपाई होते आणि सासरच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. नवरा सुट्टीवर यायचा असला की ती चुलीपाशी बसून एसटीच्या आवाजाकडं कान लावायची आणि पिठाच्या हातानं दारात धावायची. बहुतेक वेळा एसटीतून दुसरंच कुणी उतरायचं. एका सुट्टीत नवऱ्यानं विचारलं, "आपुन घर बांधलं तर तुला काय पायजे त्यात?" ती म्हणाली, "आत बसून रस्ता दिसला पायजे." बास, एवढंच.

बायकोचं एक वाक्य माणसानं सगळी नोकरी संपेपर्यंत मनात जपून ठेवावं, हे कौतुकाचंच. पण त्या वाक्यात सुभेदारांनी लडाख मिसळलं. तिथं त्यांनी उन्हाच्या बाजूला काच लावलेली खोली पाहिली होती. बाहेर बादलीतलं पाणी गोठायचं आणि आत जवान बनियनवर बसून पत्ते खेळायचे. सुभेदारांना आयुष्यात एवढं सुख दुसऱ्या कुठल्या खोलीत मिळालं नव्हतं. ते सुख त्यांनी बायकोसाठी कुंडलला आणलं.

सांगलीच्या इंजिनिअरनं सांगून पाहिलं. रस्ता पश्चिमेला आहे, दुपारनंतरचं ऊन सगळं आत येईल, निम्म्या काचेच्या जागी भिंत घालू, पुढं खोल व्हरांडा काढू, वारा फिरायला झडपा ठेवू. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "व्हरांडा काढला तर रस्ता लांब जाईल," ते म्हणाले आणि विषय मिटला. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी बायकोला काचेसमोर उभं केलं. "कसं झालंय?"

"लय झ्याक," मनुबाई म्हणाली.

ती खोटारडी बाई नव्हे. ती फौजीची बायको होती, आणि आपल्याकडं फौजीच्या घराला एक रीत असते. पहिल्या सुट्टीतच सासूनं तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "चार दिसांसाठी आलाय. त्येच्या कानावर काय घालू नगंस. तिकडं हातात बंदूक असती, मन हिकडं नगं." त्यामुळं घर गळो, जाऊ भांडो, पाठ मोडून येवो, सुट्टीवरच्या माणसाला सगळं झ्याकच असायचं. थोरली लेक बनू पाळण्यातच तापानं गेली, तेही सुट्टी संपवून गेलेल्या बापाला डोंगरावरच्या चौकीत कळलं, सगळं उरकल्यावर. सुभेदारांना पेन्शन लागली, मिशा पिकल्या, तरी मनुबाईच्या लेखी ते सुट्टीवरच आलेले होते.

म्हणून सुभेदार दुपारी जेवून मळ्यातल्या मोटरीकडं गेले, की ती पडदे ओढायची. मोटरीपाशी चिंचेखाली पेन्शनीतल्या फौजींचा अड्डा जमे. तो दिवस कलेपर्यंत हलत नसे. ते यायच्या वेळी ही पडदे बाजूला सारून ठेवायची, कारण पडदा दिसला की त्यांचं तोंड उतरायचं. रात्री ते गच्चीवर उघड्यावर झोपायचे, फौजेतली सवय. एसी होता, पण दुपारी वीज कधी असायची, कधी नसायची. काँक्रीट मात्र न चुकता तापायचं आणि दिवेलागणीनंतरही ऊब सोडत राहायचं. सुभेदार कधीमधी विचारायचे, "तापतं का गं घर?"

"छे, वारं येतं की."

चैत्रात सून क्रांती बाळाला घेऊन रहिमतपूरहून, माहेराहून आली. मुलगा पृथ्वीराज फौजेतच, राजस्थानात. आजोबांना नातू कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. "काचंपाशी निजव त्येला. उजेड मिळू दे अंगाला," असं सांगून ते मळ्यात गेले. क्रांती नवी, सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा? तिनं सासूकडं बघितलं. आणि मनुबाईनं, जिला त्या हॉलची दुपार पुरती माहीत होती, मान हलवली. 'थोडाच वेळ' असं ती स्वतःशी म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. त्या एका मान हलवण्याचं तिला पुढं फार वाईट वाटलं.

वीज गेली होती. क्रांतीला बसल्या जागी डुलकी लागली. मनुबाई आत आली तेव्हा बाळ रडतही नव्हतं. मान टाकून पडलं होतं आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. दोघी तशाच रिक्षानं पलूसला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, अंग पुसून घेतलं, आईला पाजायला लावलं, रात्र होईपर्यंत ठेवून घेतलं. "हा साधा ताप नाही," त्या म्हणाल्या. "उष्णता लागलीय. वेळेत आणलंत. पुन्हा त्या खोलीत ठेवू नका." सुभेदार धावत आले तेव्हा बाळानं डोळे उघडले होते. मनुबाईनं त्यांना सांगितलं, "जरा ताप आलावता. उतरला."

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराजचा व्हिडिओ कॉल आला. मनुबाई दारात उभी होती. क्रांतीनं बाळाच्या कपाळावरची ओली पट्टी काढून पाठीमागं लपवली, पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि मग फोन उचलला. "आमी मजेत हाय," ती हसून म्हणाली. "घर तर लय झ्याक हाय. तुमी काळजी करू नगासा." तो आवाज मनुबाईचा स्वतःचाच होता. क्रांतीला ही रीत कुणी शिकवली नव्हती, तिनं सासूकडं बघूनच उचलली होती.

दोन दिवसांनी क्रांती माहेरी निघाली. पिशवी भरताना ती हळूच म्हणाली, "आत्या, मामा लय चांगलं हायेत. पर घर भाजतंय हे तुमी त्यास्नी सांगत न्हाई, तवर म्या बाळाला हितं आणणार न्हाई."

सुभेदारांना वाटलं, सून हवापालटाला गेली. त्यांनी सांगलीहून सागवानी पाळणा आणला आणि काचेसमोर स्लॅबला कडी ठोकायला एके दुपारी मिस्त्री बोलावला. मिस्त्री यायच्या आधी मनुबाईनं सगळे पडदे बाजूला सारले आणि नवऱ्याला कोचावर बसवलं.

"बसा जरा हितं."

"का गं?"

"बसा म्हंते न्हवं."

ऊन काचेतून थेट अंगावर येत होतं. पंखा गरम वारा ढवळत होता. थोड्याच वेळात सुभेदारांचा सदरा पाठीला चिकटला. "पडदा वढ की," ते म्हणाले.

"न्हाई वढत."

सगळ्या संसारात हा 'न्हाई' त्यांनी पहिल्यांदा ऐकला. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. "आज लय तापतंय," ते चाचरत म्हणाले.

"आजच न्हाई. पयल्या दिसापासनं तापतंय. दुपारची म्या छपरात म्हशीपाशी बसती. बाळाला ताप न्हवता आला. ह्या घरानं भाजलं त्येला. क्रांती आता त्येला हितं आणणार न्हाई."

सुभेदार ताडकन उठले. "आन हे तू मला आत्ता सांगतीस?"

"कवा सांगू? तुमी सुट्टीवर."

"कसली सुट्टी? पेन्शनीत आलोय म्या, मनू! कवाच आलोय!"

"ठावं हाय वं," मनुबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पर जीभच वळली न्हाई. तुमी एवढ्या हौसेनं बांधलं. माझ्यासाठी बांधलं."

सुभेदार परत खाली बसले. ते काचेबाहेर बघू लागले. रस्त्यावर एक एसटी थांबली, दोन माणसं उतरली. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आणिक काय काय सांगितलं न्हाईस मला?"

मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. हे विचारलं जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बनूला ताप व्हता," ती म्हणाली. "तुमी सुट्टी संपवून एसटीत बसला, त्या दिवशी. आदल्या रातीपासनंच व्हता. तुमी तिला घ्यायला हात पुढं केलासा, तवा म्या तिला वाकळंत गुंडाळून दिली. थंडी हाय म्हनलं. तुमच्या हाताला कळू नये म्हणून."

सुभेदारांनी आपले दोन्ही तळहात उलगडले आणि त्यांच्याकडं बघत बसले. मग उठले, स्वतःच्या हातानं पडदा पार टोकापर्यंत ओढला. रस्ता दिसेनासा झाला. हॉलमध्ये अंधारून आलं, तरी उकाडा तसाच होता.

"पृथ्वीला फोन लाव," ते म्हणाले. "त्येच्या पोराला काय झालंवतं ते त्येला सांग."

"आवं, त्यो ड्यूटीवर असंल."

"असू दे."