मामांची भंगलेली मूर्ती

आमच्या थोरल्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या तंजावरात झाला नसेल. पापनाशमला गाडी उशिरा का, हे विचारायला ते स्टेशनमास्तरांच्या खोलीत शिरले आणि असे रमले, की गाडी येऊन गेली तरी त्यांना पत्ता नाही. गणिताची मास्तरकी संपली तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मामा पोराटोरांत जाऊन बसले आणि पुढे एक कॉम्प्युटर घरीच घेऊन आले.

त्यावर त्यांनी एक खेळ रचला. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. पापनाशमच्या वाटेवर कालव्याकाठी एक भंगलेली मूर्ती आहे. डोकं नाही, एक हात नाही, कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. खेळात आपण तिच्यासमोर उभे. काय करायचं ते टाइप करायचं, मग काय घडलं ते पडदा सांगणार. भाषा आमची घरची मराठी, अक्षरं मात्र इंग्रजी, कारण तमिळ शाळांत शिकलेल्या आमच्यात देवनागरी वाचतं कोण? शेवाळ काढा म्हटलं की पायाची बोटं दिसत, माती उकरा म्हटलं की पैंजण लागे. पण येईल तो पाहुणा आधी तेल लावी, दूध घाली, चंदन मागे. मामा बिचारे रोज नवा उपचार खेळात भरत बसत. मूर्ती देवाची की राजाची हे कळायच्या आतच तिला सगळे अभिषेक घडून गेले.

मामी मात्र खेळाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, नदीत सोडावी. ती कॉम्प्युटरात असली म्हणून काय झालं? खरं दुखणं वेगळंच होतं. पूर्वी दोघं जेवताना उठायचं विसरून बोलत. कॉम्प्युटर आल्यापासून मामांच्या पानावरचा भात निवून जाई आणि मामी एकट्याच जेवून उठत. मामांना त्याचा गंधही नव्हता. मामींनी एकदा खेळून पाहावं, एवढाच त्यांचा ध्यास.

एका दुपारी त्या खरंच येऊन बसल्या. तेल नाही, फूल नाही. एकेक अक्षर शोधत त्यांनी मूर्तीला विचारलं, "जेवलास का?" पडद्यावर उत्तर आलं, "हे मला कळत नाही."

"शिकवणाऱ्यांस कळत नाही, तें ह्यास कसं कळेल?" मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामांनी खुर्ची पुढे ओढली. संध्याकाळपर्यंत ते काहीबाही टाइप करत होते. मग त्यांनी मामींना हाक मारली. "पुन्हा एकदा विचार की त्यास."

मामींनी कुरकुरत तोच प्रश्न घातला. मूर्ती म्हणाली, "नाही. दोघांची पानं घे."

मामींनी पडद्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि केळीची दोन पानं पुसून मांडली. त्या दिवशीचं जेवण संपता संपेना. मी बाहेरच्या खोलीत बसून त्यांचं बोलणं ऐकत होतो. खेळ तसाच अर्धा राहिला आणि मूर्ती कुणाची ते आजही कुणाला माहीत नाही. मामा-मामी दोघंही आता नाहीत. ते काय बोलत होते ते मला आठवत नाही, पण पुन्हा तसं बाहेर बसून ऐकावंसं फार वाटतं.