दूध उतू घालवलेली गाडी

मुलांनो, या सुट्टीत तुम्ही झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन फिरायला निघणार, असं तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं. तशाच एका गाडीत मी गेल्या थंडीत सामान भरलं. तेव्हा माझा जो गोंधळ उडाला, तो तुम्ही निघायच्या आत लिहून पाठवते.

गाडी आणली होती मोठ्या आजीसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी. त्यांची धाकटी बहीण फोंडाघाटाच्या वर, कोल्हापूरच्या बाजूला दिलेली. ती पडली आणि अंथरुणाला खिळली. फोनवर एकच विचारायची, "कधी येतलंस गो?" जाऊबाईंना घडीघडीला बाथरूमला जावं लागतं. त्यामुळे एसटी नको, मोटारही नको. गाव सोडणंच त्यांनी बंद केलं होतं. म्हणून त्यांच्या मुलाने आत संडास असलेली ही गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने ठरवली.

सामान भरायचं काम माझ्याकडे आलं. मला प्रवासाची बॅग भरता येते आणि घरही लावता येतं, पण हे नक्की काय होतं? बॅगा ठेवायला जागा नव्हती, कपाटं होती. कपाटात कपडे लावले, तर ड्रायव्हर म्हणाला तिथे भांडी. टेबलावर डबे मांडले, तर रात्री त्याचाच पलंग होतो म्हणे. बहिणीसाठी घेतलेले नारळ ओट्याखाली ठेवले, ते घाटातल्या वळणांवर गडगडतील म्हणून काढले आणि पलंगाखाली सरकवायला गेले, तर तिथे पाण्याची टाकी! चपला काढून चढायचं की घालून, तेही कळेना. मी दर खेपेला काढत होते, ड्रायव्हर घालून हिंडत होता आणि मी त्याच्यामागून फडकं मारत होते.

निदान सुरुवात तरी रीतसर व्हावी, म्हणून मी शेगडी पेटवली आणि नव्या घरात करतात तसं दूध उतू घालवलं. नेमक्या तेव्हाच जाऊबाई काठी टेकत आल्या. त्यांनी दूध बघितलं, आणि शेगडीला लागून असलेलं दार उघडलं.

"ह्या काय गो?"

"संडास, वयनी. तुमच्यासाठीच."

"चुलीच्या बाजूक?"

"गाडीत जागा कमी असता."

"गाडी खंयची? तू दूद उतू घालवलंस मगे? म्हणजे ह्या घर झाला. असल्या घरात माझ्या तोंडात घास जावचो नाय. मी येवचंय नाय."

"आये, मावशी वाट बघता," मुलगा म्हणाला.

"बघूंदे." त्यांनी तोंड फिरवलं, पण पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले, तरी त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. घर म्हटलं की त्यांचं बरोबरच होतं. मग घर म्हणायचंच कशाला? प्रवासात सोवळंओवळं बघायचं नसतं, हे लग्नानंतर मला त्यांनीच शिकवलं होतं. मी दूध उतरवलं, ओटा पुसला, एक नारळ घेऊन खाली आले आणि पुढच्या चाकासमोर फोडला. चाकांखाली लिंबंही ठेवली.

"ही गाडी आसा, वयनी. हिका चाकां आसत. शेगडी भायर काढून झाडाखाली रांदू."

"आणि दूद?"

"त्याची चाय करतंय. पिवा आणि चढा."

त्यांनी काठीने चाक ठोकून बघितलं. मग म्हणाल्या, "नारळ बरो फुटलो." चहा संपवून त्या चपला पायात ठेवूनच वर चढल्या, आणि ड्रायव्हरने दार लावलं.

भेट झाली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. टेबल कुठलं आणि पलंग कुठला, हे मला परत येईपर्यंत उमगलं नाही. गाडी जिथली तिथे गेली. दोघी बहिणी मात्र अजून आहेत, एक घाटावर आणि एक इथे, आणि रोज संध्याकाळी फोनवर बोलतात.