बाजेखालच्या नळ्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही, आणि राजूरच्या गणपतीला तर नाहीच — त्याच्याच दर्शनाच्या घाईत हे सगळं घडलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच जमतंय. तरी भरदुपारी कडी लावून बसले आहे.

तीर्थपुरीत आमच्या भिंतीला लागून रझियाखालांचं घर. शोभेच्या दारूसाठी कागदी नळ्या वळायचं काम त्यांच्याकडे पिढीजात चालत आलेलं. दारू भरायची ती गावाबाहेर, शेतातल्या शेडमध्ये. ते काम त्यांचे चिरंजीव सलीमभाई बघायचे. घरात फक्त कागद आणि खळ. लग्नाआधी मी खालांच्या हाताखाली नळ्या वळायचे. सिमेंटच्या गोण्यांचा खाकी कागद, मैद्याची खळ, बाभळीचा गुळगुळीत दांडा. कागद दांड्यावर असा घट्ट वळायचा की थरांत वारा राहता कामा नये. मग नळी हलकेच सोडवायची आणि बाजेखाली सावलीत वाळत ठेवायची. घाई केली की ती वरून कडक होते, आतून ओलीच राहते. अशी नळी भरून पेटवली तर तोंडातून झाड फुलत नाही, ती कुशीतून फुटते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं पाठ होतं.

ओली नळी डोळ्यांना कळत नाही, कानांना कळते. दोन नळ्या एकमेकींवर वाजवायच्या. वाळलेली टक् वाजते, ओली थप्प. वाजवल्याशिवाय एकही नळी शेडवर जायची नाही, हा त्या घरचा कायदा.

आणि खालांना ऐकू येईनासं झालं होतं.

हे फक्त मला ठाऊक होतं. सलीमभाईंना कळलं तर ते काम बंद करतील, या धास्तीनं त्यांनी लपवलेलं. त्या नळ्या वाजवायच्या, ऐकायचे मी. मी मान हलवली की नळी टोपलीत. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नसेल. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा — हो, कंटाळाच. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली तरी परतीचा पाऊस हटत नव्हता. घरात कपडे वाळत नव्हते, तिथं नळ्या काय वाळणार? त्यात अंगारकी आली. मैत्रिणींनी राजूरला जायला जीप ठरवलेली. खाला चुलीपाशी होत्या, म्हणून बाजेखालच्या नळ्या वाजवायचं माझ्या एकटीवर आलं. मी चार-दोन वाजवल्या असतील. बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला, आणि मी उठले.

"सुनंदा, सगळ्या बराबर हायेत ना?" खालांनी विचारलं.

त्यांच्याशी बोलायचं तर तोंडासमोर उभं राहून बोलावं लागे. मी पायात चप्पल सरकवत, पाठमोरीच म्हणाले, "झालं, खाला." आणि पळाले. नवीन ड्रेस होता अंगावर. तेवढंच डोक्यात होतं.

मी काही अडवलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून खालांनी त्या नळ्या टोपलीत भरल्या आणि शेडवर पाठवल्या.

भरलेल्या मालातला एक भुईनळा शेतात लावून बघायची सलीमभाईंची रीत होती. तो कुशीतून फुटला. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला. रिक्षातून त्यांना नेताना मी पाहिलं. हाताला टॉवेल गुंडाळलेला होता.

संध्याकाळी खाला माझ्यासमोर येऊन बसल्या. रागानं नाही — रागानं आल्या असत्या तर कदाचित मी खरं बोलले असते. कदाचित. कशाला फुशारकी मारू?

"बेटा, तू वाजवल्या व्हत्या ना त्या?"

मी घाबरले होते. तरी काय बोलले ऐका. त्यांच्या तोंडासमोर, सावकाश, एकेक शब्द कळेल असं मी म्हणाले, "मी जाताना सांगितलं होतं, खाला. बाजेखालच्या ओल्या आहेत म्हणून. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

जिला ऐकू येत नाही, ती हे खोटं कसं पाडणार? खालांनी स्वतःच्या कानाला हात लावला आणि उठून गेल्या.

सलीमभाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं — कान गेलेत, लपवून ठेवलं, पोरीनं सांगितलेलं ऐकू आलं नाही. माझं नाव त्यात आलं ते चांगली पोरगी म्हणून. सलीमभाई एवढंच म्हणाले, "सांगायचं व्हतं ना, अम्मी." शेड बंद झाली. बायकामुलांना घेऊन ते वाटूरला गेले, फाट्यावर मोबाइलच्या कव्हरांची टपरी टाकली. घरी येईनात. फोन केला तरी खालांना ऐकू यायचा नाही.

माझं लग्न गावातच झालं. मी खालांना रोज भाजी नेऊन देते. लोक म्हणतात, सख्खी लेक एवढं करायची नाही. मी डबा ठेवते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघते — आज आठवलं का यांना, की त्या दिवशी मी एवढं लांबलचक बोललेच नव्हते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर बारमाही पौर्णिमा आहे. दिवाळीत मी खिडक्या लावून घेते. माझी मुलगी हसते — आई फटाक्यांना भिते!

या ईदला सलीमभाई आले. कानाचं मशीन घेऊन आले. अम्मीच्या कानात त्यांनी ते डाव्या हातानं बसवलं आणि म्हणाले, "जाऊ द्या अम्मी, झालं ते झालं. म्या माफ केलं." खाला रडल्या. मी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून तिथंच उभी होते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर खालांनी मला जवळ बसवून घेतलं. मशीन नीट केलं. म्हणाल्या, "बेटा, त्या दिवशी जाताना तू जे बोलली व्हतीस ना, ते एकदा बोल. जसं बोलली तसंच. मला ऐकायचंय."

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. खरं बोलायला एवढा मोकळा रस्ता देवानंही कुणाला दिला नसेल.

मी म्हणाले, "खाला, बाजेखालच्या ओल्या आहेत."

त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. "इतकं साफ बोलली व्हतीस तू," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.