चतुर्दशीची भरती
भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्दशी दिसली की मला मिरकरवाड्यातली ती सकाळची शाळा आठवते, खिडकीतून येणारा सुक्या बांगड्यांचा वास आणि माझ्या घामेजल्या हातातलं पाठाचं टाचण. ऐंशी सालानंतरची गोष्ट, मी डी.एड. करत होते. सराव पाठ होता भरती-ओहोटीचा. मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून त्या वर्गाच्या बाई बसल्या होत्या आणि माझे गुण त्यांच्याच हातात होते. मी आतल्या गावातली, समुद्र चित्रातच जास्त पाहिलेला. भरती दिवसातून दोनदा येते, हे घोकलेलं वाक्य मी म्हटलं, तशी मासेमारी करणाऱ्या खारव्यांची एक मुलगी उठली. "होय बाई, पण आज किती वाजता?" टाचणात ते नव्हतं. मी घाबरून बाईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "अगो, मग तिलाच विचार की." मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट करायची. साडेदहाला पुरी भरती." घड्याळात सव्वादहा झाले होते. "चला, बघूया," म्हणत बाई उठल्या आणि सगळा वर्ग बंदराच्या धक्क्याकडे धावत सुटला. "पाणी इथवर चढणार," म्हणत मुलीने पायरीवर खडूने रेघ ओढली. पाणी एकेक लाटेने चढत गेलं आणि साडेदहाच्या सुमारास रेघ पुसली गेली, तेव्हा पोरांच्या आधी मीच ओरडले. गुण किती पडले ते आता आठवत नाही. हल्ली मागच्या बाकावर मी बसते, आणि शिकवता शिकवता सराव पाठ घेणारी एखादी मुलगी अडखळून माझ्याकडे बघू लागली की पेनाला टोपण लावते.